घरी जाण्याआधी चिठ्ठी समजून घेऊ

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका ताईंचं पोटाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, टाके कोरडे होते. सुट्टीच्या दिवशी डिस्चार्ज कार्ड आणि सहा औषधांची चिठ्ठी हातात पडली. मेडिकलवाल्याने हिशेब सांगितला तेव्हा त्यांच्या मुलाच्या खिशात निम्मेच पैसे होते. त्याने सगळ्यांत महाग औषध वगळलं, बाकीची घेतली. वगळलं ते अँटिबायोटिक होतं आणि घेतलेल्यांत ताकदीचं टॉनिक होतं. आठवड्याभरात जखमेत पू झाला. पुन्हा दाखल व्हावं लागलं, महिन्याची मजुरी बुडाली ती वेगळीच.

चूक मुलाची नव्हती. कोणतं औषध टाळलं तर चालेल आणि कोणतं मुळीच चालणार नाही, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही स्वतः वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलं. 'औषधं वेळेवर घ्या' एवढं सांगून आम्हीही पुढच्या खाटेकडे वळायचो. 'घ्यायला पैसे आहेत का?' हे विचारत नव्हतो. म्हणून हा धडा आम्हीही शिकतो आहोत.

सुट्टीची तयारी ऑपरेशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच सुरू करा. डॉक्टर राउंडला आले की विचारा: घरी किती दिवस औषधं लागतील? ड्रेसिंग कुठे करायचं? टाके कधी काढायचे? बीपी, साखर किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या ऑपरेशनसाठी थांबवल्या असतील, तर त्या कोणत्या दिवशी पुन्हा सुरू करायच्या? उत्तरं कार्डावर लिहूनच घ्या.

चिठ्ठी मिळाली की सिस्टरसोबत एकेक औषध वाचा. कशासाठी, किती वेळा, किती दिवस? मग सरळ सांगा, 'पैसे कमी आहेत, यातलं टाळता न येणारं कोणतं?' यात लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टर स्वस्त पर्याय लिहून देऊ शकतात, टॉनिक काढून टाकू शकतात. मात्र आपल्या मनाने अँटिबायोटिक अर्ध्यात सोडू नका आणि रक्त पातळ करणारी गोळी थांबवू नका.

खर्च कमी करण्याच्या वाटा आहेत. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झालं असेल, तर सुट्टीनंतर १० दिवसांपर्यंतची फेरतपासणी आणि औषधं पॅकेजमध्येच धरलेली असतात. वॉर्ड सोडण्याआधी आरोग्यमित्राला गाठा. दाद लागली नाही तर १५५३८८ वर फोन करा. धर्मादाय रुग्णालयात निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीच्या दरात राखीव असतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवून भेटा. हे बिल होण्याआधी करायचं.

औषध रुग्णालयातल्याच मेडिकलमधून घेण्याची सक्ती करता येत नाही. औषध कुठून घ्यायचं हे ठरवण्याचा हक्क रुग्णाचा आहे. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव ठळक अक्षरांत लिहायला सांगा. त्या नावाने जनऔषधी केंद्रात तेच औषध पुष्कळ स्वस्त मिळतं. महिन्याचा साठा एकदम न घेता पुढच्या तपासणीपर्यंत लागेल तेवढंच मोजून घ्या आणि पावती जपून ठेवा. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, म्हणून ड्रेसिंगसाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा.

घरी आल्यावर ताप, जखमेला लाली, पू किंवा दुर्गंधी, एका पायाच्या पोटरीला सूज, धाप लागणं, लघवी अडणं यांपैकी काहीही दिसलं, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी दाखवा.

त्या ताई आता बऱ्या आहेत. त्यांचा मुलगा वस्तीतल्या कोणाला सुट्टी मिळणार असली की आधी जाऊन चिठ्ठी वाचून घेतो. प्रत्येक गल्लीत असा एक जण तयार झाला पाहिजे. आपल्या गल्लीत तो कोण असेल, हे या आठवड्यातच ठरवूया.