शय्याग्रस्त पत्नी आणि दुसरे नाते

प्रश्न : पक्षाघाताने पत्नीची वाचा व स्मृती गेली. शुश्रूषा मीच करतो; पण एका विधवा स्त्रीशी स्नेह जडला आहे. हा व्यभिचार काय?

उत्तर : २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ रद्दबातल ठरविल्यापासून व्यभिचार हा फौजदारी गुन्हा उरला नसला, तरी हिंदू विवाह कायद्यान्वये तो घटस्फोटाचे कारण आजही आहे. नैतिक प्रश्न मात्र अधिक बिकट. कारण जिची संमती घेणेच अशक्य, तिच्या मौनाला मुखत्यारपत्र समजण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला? तथापि शय्याव्रण होऊ नयेत म्हणून जो दर दोन तासांनी, रात्रीदेखील, पत्नीला कुशीवर वळवतो, त्याच्या एकाकीपणाला पाप म्हणण्यास मी धजणार नाही. मुलांपासून व त्या बाईंपासून काही लपवू नका. आणि पत्नीच्या सेवेची तजवीज यत्किंचितही ढळणार असेल, तर हे नाते आजच थांबवा.