विमानाला किती वेळ लागतो?

आमच्या रात्रीच्या वर्गात एकदा प्रश्न निघाला, "छत्रपती संभाजीनगरहून दिल्ली किती लांब?" एक जण म्हणाला, चौदाशे किलोमीटर. दुसरा म्हणाला, छे, हजारसुद्धा भरत नाही. दोघांचंही खरं होतं.

ते कसं? शेतावर जायला गाडीवाट असते आणि पायवाट असते. गाडीवाट ओढ्याला वळसा घालते. पायवाट बांधावरून नीट जाते. आगगाडीचंही तसंच. आपल्याकडची दिल्लीची गाडी आधी मनमाडला जाते. तिथून वळून भुसावळ, खांडवा, इटारसी, भोपाळ, झांशी, आग्रा असं करीत दिल्ली गाठते. ही वाट सुमारे १,४०० किलोमीटरची. जवळजवळ एक दिवस लागतो.

आता नकाशावर दोन शहरांमध्ये दोरा ताणा. हे अंतर सुमारे ९८० किलोमीटर भरतं. विमान पुष्कळसं या दोऱ्याच्या जवळून जातं.

मोठं विमान उंचावर ताशी सुमारे ८०० किलोमीटर जातं. ९८० ला ८०० नी भागा. सव्वा तास होतो. मग वेळापत्रकात दोन तासांच्या आसपास वेळ का लिहितात? विमान काही चिमणीसारखं भुर्रकन उडत नाही. आधी ते जमिनीवर हळूहळू चालतं. मग चढतं, आणि चढताना वेग कमी असतो. उतरतानाही तेच. दिल्लीला विमानांची गर्दी, म्हणून कधी आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात. समोरून वारा असला तर आणखी उशीर.

खरा वेळ जातो तो जमिनीवर. पैठणच्या माणसाला चिकलठाण्याच्या विमानतळावर यायला दोन तास धरा. विमान सुटण्याच्या दोन तास आधी तिथं पोचावं. सामान देण्याची खिडकी साधारण एक तास आधी बंद होते. ती बंद झाली की विमान डोळ्यांसमोर उभं असलं तरी उपयोग नाही. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ असेच परत आले. एसटीसारखं धावत जाऊन चढू, असं त्यांना वाटलं होतं! उड्डाणाचे दोन तास, दिल्लीत बाहेर पडून मुक्कामी जायला एक. झाले सात तास.

कधी मात्र एकेक मिनिट मोलाचं असतं. मेंदू मृत झालेल्या माणसाचं हृदय त्याच्या घरच्यांनी दान केलं, तर ते साधारण चार तासांत दुसऱ्याच्या छातीत बसवावं लागतं. २०१६ साली आपल्या शहरातून असं हृदय विमानानं मुंबईला नेलं. मोटारीनं तेव्हा सहा-सात तास लागत. दोरा ताणला तर मुंबई २८० किलोमीटर, विमानाला सुमारे एक तास. अशा वेळी दोन्ही शहरांत पोलीस रस्ता मोकळा ठेवतात. मग उरलेल्या वेळात डॉक्टरांना हृदय शिवून बसवता येतं.