चिंचेचा कोळ आणि भोकाचा पैसा

अगं, आत्याच्या ट्रंकेत नाण्यांचा डबा सापडला म्हणून फोन केलास, आणि तुझा पहिला प्रश्न काय? ‘ताई, चिंचेनं घासू का?’ थांब, हात आवर. मी केलंय ते. आजीच्या फडताळातली नाणी कोळ नि मीठ लावून लख्ख केली आणि ऐटीत एका जाणत्या गृहस्थांना दाखवायला नेली. त्यांनी भिंग लावलं, बघितलं आणि नुसती मान हलवली. साठ-सत्तर वर्षांनी धरलेला तपकिरी रंग मी दहा मिनिटांत मोरीत सोडला होता. मळकं नाणं चालतं बाई, घासलेलं नाही.

आता चादर पसर आणि डबा त्यावर ओत. आधी भोकाचे पैसे वेगळे काढ, ते १९४३ ते ४७ मधले. दुसरं महायुद्ध चालू होतं, तांबं काडतुसांकडे वळलं होतं, म्हणून पैशाच्या पोटातूनच ते काढलं. आधीचा पाव आणा ४.८६ ग्रॅमचा, हा जेमतेम दोन ग्रॅमचा. आणि गंमत बघ, मधोमध भोक पाडल्यावर राजाचं तोंड बसवायला जागाच राहिली नाही, नुसता मुकुट उरला! आजी हे पैसे दोऱ्यात ओवून खुंटीला टांगायची. असे पैसे ढिगानं मिळतात, त्यामुळे कुणी ‘दुर्मीळ’ म्हणून हजारोंची भाषा केली तर हसून फोन ठेव.

मग पिवळी नाणी बघ. नागमोडी काठाचा एक आणा, चौकोनी दोन आणे. एरवी ही पांढरट असायची, पण निकेल युद्धाच्या पोलादाला हवं झालं, म्हणून १९४२ ते ४५ या चार वर्षांत पितळेच्या जातीचा धातू वापरला. एक पिवळा आणि एक पांढरा आणा शेजारी ठेवून बघ. मला तर या जोडीचंच जास्त वेड आहे.

रुपयाच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घाल. आपण ‘रुपयाभार’ म्हणतो ना, तोळ्याचं वजन? सहाव्या जॉर्जचा रुपया तोलून बघ, ११.६६ ग्रॅमच भरेल. वजन तेच, पण आतली चांदी १९४० पासून ९१.७ टक्क्यांवरून थेट निम्म्यावर आली. उरलेलं तांबं, निकेल आणि जस्त. त्याच सुमारास कडेला एक खोबणही आली, तिच्यावर नखानं चाचपून बघ. युद्धात अमेरिकेकडून चांदी उसनी आणली होती. पुढे असलेच रुपये गोळा करून, वितळवून, चांदी वेगळी काढून ते देणं फेडलं. म्हणून सोनाराकडे गेलीस तर साल वाचून जा. १९४४ चा रुपया शुद्ध चांदीच्या भावानं कुणी घेणार नाही आणि तूही त्या भावानं घेऊ नकोस.

आणि हो, १९३९ चा रुपया दिसला तर लगेच हुरळून जाऊ नकोस. तो खरोखर दुर्मीळ, म्हणूनच त्याच्या नकला भरपूर. तज्ज्ञाच्या हातून गेल्याशिवाय एक पैसाही मोजू नकोस.

ठेवायला मऊ प्लॅस्टिकची पाकिटं आणू नकोस, त्यातून हिरवट चिकटा सुटतो. कागदी पाकिटं बरी. नाणं धरायचं ते कडेनं, बोटांचा घाम नको.

शेवटी फ्रीजवरचं चुंबक काढ. डब्यात मागे वाघ असलेला १९४७ चा रुपया असेल तर त्याला लावून बघ. तो निकेलचा, चांदी औषधालाही नाही, पटकन चिकटेल. चिकटला की मला फोन कर. आणि ती भिजत घातलेली चिंच आमटीत घाल.