वेबसाइटवरचा ‘शोध’ फक्त लेखांपुरता हवाय? पैसे कुठे द्यायचे, कुठे नाहीत

एखाद्या मासिकाच्या वेबसाइटवर वाचक शोधपेटीत ‘अंक’ टाइप करतो. त्याला हवे असतात जुने लेख. समोर येतात ‘वर्गणी भरा’, ‘परतावा धोरण’ आणि ‘आभारी आहोत, तुमची नोंदणी झाली’ ही पानं. साइटला पुस्तकांचं दुकान जोडलेलं असेल, तर विक्रीची पुस्तकंही त्याच यादीत. मराठीतल्या बऱ्याच छोट्या साइट वर्डप्रेसवर आहेत आणि वर्डप्रेसचा शोध मुळातच असा चालतो. प्रसिद्ध झालेल्या पोस्ट, स्थिर पानं आणि नंतर जोडलेले बहुतेक मजकूरप्रकार तो एकत्रच धुंडाळतो. एवढी एक गोष्ट बदलून घेण्यासाठी वार्षिक परवान्याचं कोटेशन हातात पडलं, तर सही करण्याआधी पुढचं वाचा.

सगळ्यात स्वस्त उपाय फुकट आहे. थीममधल्या शोध-फॉर्मात एक हिडन फील्ड घालायचं, त्याला ‘पोस्ट_टाइप’ हे नाव आणि ‘पोस्ट’ हे मूल्य द्यायचं. अर्थात, कोडमध्ये ही दोन्ही नावं रोमन लिपीत लिहावी लागतात. त्या पेटीतून केलेला शोध लगेच लेखांपुरता होतो. अडचण एवढीच की शोधपेटी वर, बाजूला आणि तळाशी अशी तीन ठिकाणी असेल, तर तिन्हीकडे हा बदल करावा लागतो. एक पेटी राहिली की तिथून जुनाच गोंधळ सुरू राहतो.

माझा कौल दुसऱ्या उपायाला आहे. ‘प्री गेट पोस्ट्स’ नावाच्या हुकवर, म्हणजे वर्डप्रेसमध्ये स्वतःचा कोड जोडायच्या जागी, पाच-सात ओळींचा कोड बसवायचा. त्यात तीन अटी हव्यातच: पान अ‍ॅडमिनचं नाही, क्वेरी मुख्य आहे आणि ती शोधाचीच आहे. पहिली अट राहिली तर संपादकालाही आत स्वतःची पानं शोधून सापडत नाहीत, मग दुरुस्तीचं वेगळं बिल येतं. कोड चाइल्ड थीममध्ये किंवा छोट्या स्वतंत्र प्लगइनमध्येच ठेवायला सांगा. मूळ थीमच्या फाइलीत टाकलेला कोड पुढच्या अपडेटला पुसला जातो आणि त्याच कामाचे पैसे पुन्हा मोजावे लागतात. जाणत्या माणसाला हे काम तासाभराचं आहे. चाचणी-प्रतीवर तपासून मग खऱ्या साइटवर चढवायचं म्हटलं, तर दोन तास धरा. समजा दर ताशी 800 रुपये आहे, तर 1,600 रुपये, तेही एकदाच. काम करणारा जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्यावर 18 टक्के. नोंदणी नसेल, तर त्याला जीएसटी लावताच येत नाही. म्हणून बिलावर जीएसटी क्रमांक बघा.

काही जण याऐवजी एखाद्या मजकूरप्रकाराच्या नोंदणीतच ‘शोधातून वगळा’ हा पर्याय चालू करतात. त्याने त्या प्रकाराच्या वर्गवारीची पानंही रिकामी दिसू शकतात, त्यामुळे हा मार्ग जपून घ्या. आणखी एक: शोधातून वगळलेलं पान कुलूपबंद होत नाही. पत्ता माहीत असणाऱ्याला ते उघडतंच. सशुल्क पीडीएफची लिंक असलेलं पान सुरक्षित ठेवायचं असेल, तर ते काम निराळं आणि त्याचा खर्चही निराळा.

प्लगइन कधी घ्यावं? लेखांशिवाय इतर खास रकान्यांतही शोध हवा असेल किंवा निकालांचा क्रम सुधारायचा असेल, तेव्हा. ‘रेलेव्हान्सी’ या शोध-प्लगइनची मोफत आवृत्ती कोणते मजकूरप्रकार घ्यायचे ते निवडू देते, पीडीएफच्या आतला मजकूर मात्र सशुल्क आवृत्तीत. मोफत असलं तरी ते जागा खातं. ते स्वतःची अनुक्रमणिका डेटाबेसमध्ये साठवतं आणि पोस्टच्या तक्त्याच्या साधारण तिप्पट जागा लागेल, असा अंदाज त्याचे कर्तेच देतात. स्वस्त होस्टिंगवर डेटाबेसची मर्यादा किती, ते आधी विचारा.

मराठी साइटवाल्यांनी इथे एक सेटिंग बदलायलाच हवं. या प्लगइनमध्ये शब्दाची किमान लांबी मुळात 3 असते. ‘घर’, ‘मन’, ‘ऊस’ हे शब्द दोनच अक्षरचिन्हांचे, म्हणून ते अनुक्रमणिकेत जातच नाहीत. ‘दूध’ सापडतं, कारण त्यातला दीर्घ ऊकार वेगळा मोजला जातो. आकडा 2 करा आणि अनुक्रमणिका पुन्हा बांधा. याला एक पैसा लागत नाही.

वर्डप्रेसच्या मूळ शोधात उलटा त्रास आहे. तो अक्षरांचा तुकडा शोधतो. कर सल्लागाराच्या साइटवर ‘कर’ टाकलं की ‘करून’, ‘करणे’, ‘शंकर’ असलेला प्रत्येक लेख हजर. ‘पुणे’ टाकलं तर फक्त ‘पुण्यात’ लिहिलेला लेख मात्र सुटतो. मजकूरप्रकार मर्यादित करून यातलं काहीही सुटत नाही आणि महागडं प्लगइनही मराठी विभक्तीरूपं ओळखेलच असं नाही. पैसे भरण्याआधी स्वतःच्या साइटवरचे दहा मराठी शब्द घेऊन चाचणी मागा.

गूगलची प्रोग्रॅमेबल सर्च पेटीही फुकट मिळते आणि ती साइटच्या ठरावीक विभागापुरती बांधता येते. पण निकालांत जाहिराती येतात आणि नवा लेख गूगलने टिपेपर्यंत दिसत नाही. स्वतःच्या साइटवर जाहिराती खपवून घ्यायच्या का, हे तुम्ही ठरवा. मी घेणार नाही.

परदेशी परवाना घ्यायचाच असेल, तर किंमत डॉलरमध्ये वाचून थांबू नका. त्यावर कार्डाचं परकीय चलन शुल्क, त्या शुल्कावर जीएसटी, आणि तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर विक्रेत्याने लावायचा 18 टक्के कर. पहिल्या वर्षाची सवलत दुसऱ्या वर्षी राहते का, ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना 24 तास आधी यायला हवी. ती आली की नूतनीकरण हवं की नको, ते तेव्हाच ठरवा. परवाना संपला तरी प्लगइन सहसा चालू राहतं, अपडेट आणि मदत थांबते. फुकटात मिळणारी ‘क्रॅक’ आवृत्ती मात्र कधीच बसवू नका, त्यात घुसखोर कोड असू शकतो.

कोटेशन मागताना चार गोष्टी लेखी घ्या: कोणते मजकूरप्रकार दिसणार, कोड कुठे ठेवणार, चाचणी कोणत्या मराठी शब्दांवर होणार आणि दुसऱ्या वर्षी किती द्यावे लागणार. काही शे लेखांच्या साइटला चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘शून्य’ असायला हवं. तसं नसेल, तर दुसरं कोटेशन मागवा.