एका दिवसाचं हैदराबाद

अगं, एका दिवसासाठी विमानाचं तिकीट काढणं म्हणजे उधळपट्टी, असं तुझ्या मनात घट्ट बसलंय. त्यावरच आज तुझ्याशी बोलायचंय. पैशांचा हिशेब तू करशीलच, पण त्यात हॉटेलच्या खोलीचं भाडं नाही आणि रजा एकच दिवसाची, हेही धर. शिवाय आणखी एक गोष्ट आहे, ती आपण बायका कुणाशी मोकळेपणी बोलत नाही. दिवसभर घराबाहेर राहणं आपल्याला जमतं, अडतं ते रात्रीवर. सासूबाईंची रात्रीची गोळी, लेकाचा सकाळचा डबा, दूधवाला, कामवाल्या मावशी, सगळं डोळ्यांपुढे येतं आणि आपण बेत पुढच्या वर्षावर ढकलतो. हैदराबादला हुसेनसागर एक्स्प्रेसनं गेलीस तर मुंबईहून सबंध रात्र गाडीत जाते. विमानाला दीड तासाच्या आसपास वेळ लागतो. पहाटे निघून त्याच रात्री स्वतःच्या बिछान्यावर येऊन झोपता येतं. हे चैनीचं नाही गं, तुझ्यासारखीला हाच मार्ग मोकळा आहे.

आता हैदराबादच का? दिल्ली एका दिवसात डोळ्यांत मावत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीतल्या धुक्यात विमान कधी सुटेल याचा भरवसा नसतो. हैदराबादेत मात्र पाहण्यासारख्या दोन मोठ्या जागा एका दिवसात नीट बसतात: गोवळकोंडा आणि चारमिनारभोवतीचं जुनं शहर. दोनच म्हणते आहे, नीट ऐक. हुसेनसागर तलाव, बिर्ला मंदिर, फिल्म सिटी, सगळं यादीत कोंबशील तर दिवस टॅक्सीच्या खिडकीतच संपेल. रामोजी फिल्म सिटीला तर एक अख्खा दिवस लागतो, ती पोरांच्या सुट्टीत बघ.

वार ठरवताना शुक्रवार टाळ. त्या दिवशी जुन्या शहरातलं सालारजंग संग्रहालय बंद असतं, चौमहल्ला राजवाडाही बंद असतो आणि तिथल्याच मक्का मशिदीत जुम्म्याच्या नमाजाची गर्दी असते. मधलाच एखादा वार धर. तिकीटही बहुधा स्वस्त पडतं आणि गडावर माणसं कमी असतात.

विमानतळ शमशाबादला आहे, शहराच्या दक्षिणेला आणि बराच लांब. उतरलीस की टॅक्सी करून आधी थेट गोवळकोंडा गाठ. ऊन चढायच्या आत गड चढायचा, हा माझा हट्टच समज. साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत, सावली थोडी आहे आणि एप्रिल-मे मध्ये तिथला दगड अक्षरशः भाजतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. आईला बरोबर नेणार असशील तर तिला वरपर्यंत ओढू नकोस; खालचे महाल आणि कमानी पाहण्यातही तासभर छान जातो.

गडाच्या प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली टाळी वाजवली की वर माथ्यावरच्या बाला हिसारपर्यंत ऐकू येते. गाइड ते करून दाखवतातच. पण तू तिथे आणखी एका कारणासाठी थांबावंस असं मला फार वाटतं. १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेले शिवाजी महाराज याच भागानगरात, म्हणजे हैदराबादेत, आले होते. गोवळकोंड्याच्या अबुल हसन कुतुबशहानं त्यांचा मोठा सन्मान केला. त्याचा कारभार तेव्हा मादण्णा आणि आकण्णा हे दोघे भाऊ पाहत होते. शाळेत आपण हे दोन ओळींत वाचलं आणि पुढे गेलो. त्या मातीवर उभं राहिल्यावर मात्र ते मनात वेगळं उतरतं. पुढे दहाच वर्षांनी, १६८७ मध्ये, औरंगजेबानं आठ महिने वेढा घालून हा गड घेतला, तोही आतल्या माणसाच्या फितुरीनं. अबुल हसनला त्यानं आपल्याकडच्या दौलताबादच्या चिनी महालात कैदेत ठेवलं. आपण तिथे सहलीला गेलो होतो तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं!

गडावर रामदासाची कोठडी आहे, तीही चुकवू नकोस. हा आपला समर्थ रामदास नव्हे. हा भद्राचलमचं राममंदिर बांधणारा गोपन्ना, मादण्णा-आकण्णांचा भाचा. सरकारी महसुलाचा पैसा मंदिराला लावला म्हणून कैदेत पडला. तेलुगूत त्याची रामकीर्तनं आजही गातात.

दुपारी जेवून जुन्या शहरात उतर. सालारजंग आणि चौमहल्ला यांतलं एकच निवड. मी म्हणेन सालारजंग. तिथली संगमरवरी बुरखाधारी रेबेका बघ. दगडातून पातळ वस्त्र आणि त्याच्या आडचा चेहरा, दोन्ही दिसतात. इटलीच्या बेंझोनी या शिल्पकाराचं ते काम आहे. दर तासाला टोला द्यायला तिथल्या घड्याळातून छोटा माणूस बाहेर येतो, त्यासाठी पाच-दहा मिनिटं आधी जाऊन जागा धर.

संध्याकाळी चारमिनार. १५९१ मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहानं तो बांधला. शेजारच्या निमरा कॅफेमध्ये इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं घे, मग लाड बाजारात लाखेच्या बांगड्या. भाव कर, लाजू नकोस. मोत्यांच्या नादी मात्र घाईत लागू नको, खरेखोटे पारखायला निवांतपणा हवा.

थोडं विमानाचं. पाठीवरची एक सॅक पुरे, म्हणजे सामान जमा करायला नको, परत घ्यायलाही थांबायला नको. चेक-इन आदल्या दिवशी मोबाइलवर कर. ओळखपत्र हाताशी ठेव. दशम्या, चटणी खुशाल ने. चाकू, नारळ, लायटर नको. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच लागते. परतीचं विमान दिवसातलं अगदी शेवटचं घेऊ नकोस, त्याच्या आधीचं घे; ते रद्द झालं तरी पुढचं मिळण्याची आशा राहते. नऊ-साडेनऊचं विमान असेल तर सहाला चारमिनार सोड, कारण त्या वेळी जुन्या शहरातून गाडी बाहेर काढणं अवघड असतं. आणि सकाळचं विमान उशिरा आलं तर काय गाळायचं, हे घरूनच ठरवून नीघ. माझं ऐकशील तर संग्रहालय गाळ, गड गाळू नको.

घरी विचारत बसू नकोस, सांग. "अमुक तारखेला मी हैदराबादला जातेय, रात्री परत येईन," इतकंच. एका दिवसाचा स्वयंपाक घरातली माणसं करतील, आणि नाही जमला तर बाहेरून मागवतील. आईचे गुडघे अजून बरे आहेत. या हिवाळ्यातच तिकीट काढ आणि तिला बरोबर घेऊन जा.