चौकटीबाहेरची आई : घरगुती छायाचित्रणाविषयी काही विचार

(द्वितीय वर्ष, कला)

छायाचित्र म्हणजे काय, या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर सोपे आहे. वस्तूवरून परावर्तित झालेला प्रकाश भिंगातून कॅमेऱ्यात शिरतो आणि आतल्या प्रकाशग्राही पृष्ठावर त्याची नोंद होते. परंतु घरातले छायाचित्र म्हणजे काय, याचे उत्तर इतके सरळ नाही. कोणत्याही घरातला जुना अल्बम उघडून पाहावा. लग्न, बारसे, वाढदिवस, देवदर्शन असे सारे प्रसंग त्यात क्रमाने असतात. त्यात सर्वांत कमी कोण दिसते, हे मोजले तर बहुधा उत्तर येते, आई. मुंडावळ्या बांधलेली नवरी म्हणून ती पहिल्या पानांवर असते. पुढे ती औक्षणाच्या तबकामागे अर्धी, नाहीतर समूहचित्राच्या कडेला दिसते. तिचे एकटीचे चित्र बहुधा कागदपत्रांसाठी काढलेले असते, रेशनकार्डाचे, बँकेच्या पासबुकाचे, आधारकार्डाचे.

आज जवळजवळ प्रत्येक घरात मोबाईलच्या रूपाने कॅमेरा आहे. तरीही ही उणीव भरून निघालेली नाही. म्हणून प्रस्तुत लेखात दोन गोष्टींचा एकत्र विचार करावयाचा आहे. घरच्या घरी चांगले छायाचित्र कसे काढावे, ही एक. आणि मातृत्वाचे क्षण त्यात कसे यावेत, ही दुसरी.

थोडा इतिहास

छायाचित्रणाचा शोध 1839 मध्ये पॅरिसला जाहीर झाला. आपल्याकडे 1854 मध्येच मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती. त्या काळी काचेवर किंवा धातूच्या पत्र्यावर चित्र उमटण्यास बराच वेळ लागे, आणि तेवढा वेळ समोरच्या व्यक्तीने निश्चल राहणे आवश्यक असे. मोठी माणसे निश्चल बसत. तान्ही मुले कशी बसणार? यावर युरोप-अमेरिकेतील स्टुडिओंनी एक विलक्षण युक्ती काढली. आईला खुर्चीवर बसवीत, तिच्यावर डोक्यापासून पायांपर्यंत पडदा किंवा चादर टाकीत आणि तिच्या मांडीवर मूल ठेवीत. चित्रात मूल स्पष्ट येई आणि आई खुर्चीचे कापड होऊन जाई. अशी कित्येक चित्रे आज संग्रहांत आहेत. काहींत चादरीखालून आलेला हातही दिसतो. अभ्यासक या चित्रांतील स्त्रीला ‘झाकलेली आई’ म्हणतात.

याच शतकात ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या स्त्रीने आईला चौकटीच्या मध्यभागी आणले. तिचा जन्म 1815 मध्ये कलकत्त्याला झाला. 1863 च्या अखेरीस, वयाच्या 48 व्या वर्षी, तिच्या मुलीने व जावयाने तिला कॅमेरा भेट दिला. इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावरच्या आपल्या घरी तिने कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला आणि कोळशाच्या कोठीत काचा धुण्याची सोय केली. घरात कामाला असलेल्या मेरी हिलियर या तरुणीला बसवून तिने येशूच्या मातेची अनेक चित्रे काढली. मात्र इथे मातेची देवता झाली. कामवाली मुलगी म्हणून मेरी हिलियर तिथे नव्हतीच.

तिसरे उदाहरण सर्वांत प्रसिद्ध आहे. मार्च 1936 मध्ये, मंदीच्या काळात, डोरोथिया लँग हिने कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचे छायाचित्र घेतले. आईचे वय 32. तिच्या मांडीवर तान्हे मूल आहे. दोन मुले दोन्ही बाजूंनी तिच्या खांद्यांवर टेकली आहेत आणि त्यांची तोंडे कॅमेऱ्याकडे नाहीत. त्यामुळे आपली दृष्टी आईच्या चेहऱ्यावर आणि गालाला लागलेल्या बोटांवर खिळून राहते. या चित्राने ती आई साऱ्या मंदीचे प्रतीक झाली.

थोडक्यात, एका ठिकाणी आई झाकली गेली, दुसऱ्या ठिकाणी तिची देवता झाली आणि तिसऱ्या ठिकाणी प्रतीक झाले. ती जशी आहे तशी, आपल्या घरात, आपल्या कामात दिसावी, हे काम मोठमोठ्या कलावंतांपेक्षा घरच्याच माणसाला अधिक चांगले जमू शकते, असे मला वाटते. कारण आई कुठे बसते, कोणत्या वेळी तिला दोन क्षण निवांत मिळतात, कशाने ती हसते, हे त्यालाच ठाऊक असते. त्यासाठी लागणारे तंत्र मात्र शिकून घ्यावे लागते.

उजेड

घरातली बहुतेक चित्रे बिघडतात ती उजेडामुळे. आपण सर्वांना भिंतीशी उभे करतो, वरचा दिवा लावतो, प्रसंगी फ्लॅशही मारतो. वरच्या दिव्याने डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. समोरून आलेल्या फ्लॅशने चेहरा सपाट होतो आणि तान्हे मूल दचकते ते वेगळेच. याउलट दिवसा खिडकीतून किंवा दारातून येणारा उजेड एका बाजूने येतो. त्यामुळे गालाची गोलाई, हातावरच्या शिरा, लुगड्याचा पोत असे सर्व काही उठून दिसते. ऊन थेट आत येत असेल तर पातळ पांढरे धोतर किंवा ओढणी खिडकीवर टाकावी. उजेड मऊ होतो. खिडकीपासून दूर जावे तसतसा उजेड झपाट्याने उतरतो, म्हणून माणसाला खिडकीजवळ घ्यावे आणि खोलीतला पिवळा दिवा बंद करावा. दोन रंगांचे उजेड एकत्र आले की चेहऱ्याची एक बाजू पिवळी व दुसरी निळसर येते.

आमचे घर कौलारू आहे. स्वयंपाकघरात छपराला एकच काचेचे कौल आहे. सकाळी नऊच्या सुमारास त्यातून उजेडाचा कवडसा चुलीच्या बाजूला उतरतो आणि धुरात तो अगदी स्पष्ट दिसतो. अर्ध्या तासात तो भिंतीवर चढून जातो. आमच्या घरातला सर्वांत उत्तम स्टुडिओ हाच, आणि त्याची वेळ ठरलेली. प्रत्येक घरात अशी एखादी जागा आणि वेळ असतेच. चाळीत ती गॅलरीच्या दारात असेल, पत्र्याच्या खोलीत उंबऱ्यावर असेल. ती हुडकणे हा पहिला अभ्यास.

दुसरी गोष्ट मोजमापाची. कॅमेरा समोरच्या एकूण दृश्याचा उजेड मध्यम समजून चित्राचे मान ठरवतो. पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेले बाळ किंवा उजळ खिडकीपुढे बसलेली आई असेल, तर पुष्कळदा तो फसतो आणि चेहरा काळवंडतो. सावळ्या वर्णाच्या माणसांवर हा अन्याय अधिक होतो. त्यावर उपाय सोपा आहे. मोबाईलच्या पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवावे. कॅमेरा चेहऱ्याप्रमाणे मान ठरवतो. बहुतेक मोबाईलमध्ये तेथेच बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-अधिक करता येतो. चित्र काढण्यापूर्वी भिंग मऊ सुती कापडाने पुसावे, हे सांगायला नको. पण पिठाचे आणि तेलाचे हात लागलेले भिंग सारे चित्र धुरकट करते.

जागा आणि अंतर

आपण उभे राहतो आणि खाली बसलेल्या माणसाचे चित्र घेतो. त्यामुळे आईचा माथा मोठा आणि बाकी शरीर आखूड येते. आपल्या घरातली बहुतेक कामे जमिनीवर बसून होतात, म्हणून छायाचित्रकारानेही जमिनीवर बसावे. आईच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा आला की पाहणाराही तिच्यासमोर बसल्यासारखा होतो.

फार जवळूनही चित्र घेऊ नये. एक-दीड हातावरून घेतले तर नाक मोठे आणि कान लहान दिसतात. चार-पाच फूट अंतर बरे. पडद्यावर दोन बोटांनी चित्र मोठे करण्याने ठरावीक मर्यादेपलीकडे चित्राचा तुकडाच वाढवला जातो आणि बारकावे नष्ट होतात. त्यापेक्षा दोन पावले पुढे जावे. मागे काय आहे तेही पाहावे. दोरीवरचे कपडे, भिंतीवरचे कॅलेंडर, फळीवरचे डबे हे सर्व झाकलेच पाहिजे असे नाही. वीस वर्षांनी तेच डबे पाहून घर आठवेल. फक्त आईच्या डोक्यातून खुंटी उगवल्यासारखी दिसू नये, इतकी काळजी घ्यावी.

क्षण

गेल्या वर्षी माझी ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. त्या काळात मला या विषयाचा खरा अभ्यास घडला. सकाळी न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय पसरून बसे, बाळाला पायांवर पालथे घेई, तेल चोळी. नंतर धुरी, शेक, कुंची, तीट. बाळ रडून लाल होई आणि पाण्याचा पहिला तांब्या अंगावर पडताच गप्प होई. ताई दाराशी टेकून हे पाहत असे. बाळ रडले की तिचे ओठ आपोआप हलत. मला वाटते, मातृत्वाचे चित्र बाळाच्या तोंडावर नव्हते, ते त्या दाराशी होते.

असे क्षण ‘इकडे बघा’ म्हणून मिळत नाहीत. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराचे 1952 मधील पुस्तक इंग्रजीत ‘निर्णायक क्षण’ या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध आहे. चौकटीतली रचना आणि घटनेचा अर्थ ज्या क्षणी जुळतात तो क्षण ओळखणे, हा त्याचा आग्रह होता. घरात याचा अर्थ असा की आधी जागा आणि उजेड ठरवून बसावे, आणि मग वाट पाहावी. लोकांना पाच-दहा मिनिटांत आपला विसर पडतो. मूल हलत असेल तर अंधुक खोलीत चित्र पुसट येते, कारण कमी उजेडात शटर अधिक वेळ उघडे राहते. म्हणून हालचालीची चित्रे अंगणात किंवा दारात घ्यावीत. पुष्कळ मोबाईलमध्ये एकापाठोपाठ अनेक चित्रे घेण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा. मात्र नंतर त्यांतले एकच ठेवावे. पूर्वी आग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच चित्रे निघत, म्हणून माणसे विचार करून बटण दाबीत. आज मोजदाद नाही. ती आपणच ठेवली पाहिजे.

मातृत्व तान्ह्या मुलापुरते नसते, हेही ध्यानात घ्यावे. पहाटे भाकरी बांधून देणारे हात, परीक्षेच्या दिवशी दारात घातलेले दही, दिव्याखाली सुईत दोरा ओवताना बारीक केलेले डोळे, ही सारी त्याचीच चित्रे होत.

संमती

आई बहुधा म्हणते, “थांब, लुगडं बदलून येते.” आपल्याला हे अडचणीचे वाटते. परंतु कसे दिसावे हे ठरवण्याचा तिला अधिकार आहे. तिला बदलायचे असेल तर बदलू द्यावे. तसे एक चित्र काढावे, आणि नंतर कामातले दुसरे काढण्याची परवानगी मागावी. ताईने मला पहिल्याच दिवशी बजावले होते, “मी पाजत असताना नाही.” तो विषय तिथेच संपला. आजी म्हणाली, “इवल्याशा जिवाचा फोटू नको गं, दृष्ट लागंल.” मग तिनेच बाळाच्या गालाला तीट लावली आणि परवानगी दिली. तिची भीती खरी की खोटी हा वाद न घालता तिच्या मनाची समजूत राखली, तर चित्रात तिचाही चेहरा प्रसन्न येतो.

लँगच्या चित्रातल्या आईची पुढची हकीकत या संदर्भात विचार करण्यासारखी आहे. लँगने तिचे नाव विचारले नव्हते. जगभर चेहरा पोहोचला, पण ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन आहे हे लोकांना 1978 मध्ये, म्हणजे 42 वर्षांनी कळले. आपल्याला त्या चित्रापासून काही मिळाले नाही, अशी खंत तिने बोलून दाखवली. 1983 मध्ये ती वारली. चित्र थोर आहे यात शंका नाही. तरी ज्याचे चित्र त्याला विचारणे, हे चित्र थोर असले तरी चुकत नाही. आज आपण काढलेले चित्र क्षणात शेकडो मोबाईलवर जाते. बाळाला तर नाही म्हणताही येत नाही. म्हणून चित्र काढण्याची संमती आणि ते इतरांना दाखवण्याची संमती, या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्यात.

जतन

आमची पणजी वारली तेव्हा भिंतीवर लावण्यासाठी तिचा फोटो शोधला गेला. शेवटी एका लग्नाच्या समूहचित्रातून तिचा चेहरा कापून मोठा केला. त्या तसबिरीत आजही तिच्या उजवीकडे कुणा दुसऱ्याच बाईचा खांदा दिसतो. अशा तसबिरी पुष्कळ घरांत आहेत. जिवंतपणी जिचा एकही स्वतंत्र फोटो नाही, तिचा पहिला मोठा फोटो हार घालण्यासाठी तयार होतो. ही गोष्ट गरिबीने जितकी घडते, तितकीच सवयीने घडते. गरिबीचे कारण आता पूर्वीइतके उरलेले नाही.

मोबाईल हरवतो, बिघडतो, बदलतो, आणि त्याबरोबर हजारो चित्रे जातात. म्हणून वर्षाकाठी दहा-बारा चित्रे निवडून चार बाय सहा इंची कागदावर छापून घ्यावीत. मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, तारीख लिहावी. शाई कधी कधी पुढे उमटते. ‘आई’ असे न लिहिता तिचे पूर्ण नाव लिहावे. आपल्या नातवंडांना ‘आई’ म्हणजे कोणाची, हे कळणार नाही.

माझ्या मित्रमैत्रिणींना एवढेच सुचवावेसे वाटते की सुट्टीत गावी गेल्यावर घरातली उजेडाची जागा शोधावी, आईला विचारावे, तिच्यासमोर जमिनीवर बसावे आणि तिचे एकटीचे एक चित्र काढावे. ते छापून आधी तिच्या हाती द्यावे. ती बहुधा म्हणेल, “किती काळी दिसतेय मी!” आणि तरीही ते चित्र ती लुगड्याच्या घडीत जपून ठेवील.