जुगाराचे व्यसन : ओळख आणि सुटका

दारूचा वास येतो, तंबाखूचे डाग दातांवर दिसतात. जुगाराचे तसे नाही. टपरीवर लावलेला आकडा, पत्त्यांचा अड्डा, क्रिकेटचा सट्टा किंवा मोबाइलवरची रमी अंगावर खूण ठेवत नाही. घराला कळते ते पोत गहाण पडल्यावर, बचत गटाचा हप्ता थकल्यावर किंवा मुलीच्या कॉलेजची फी भरायची राहिल्यावर. म्हणून या वेळी आम्ही या व्यसनाविषयी लिहीत आहोत.

हा आजार कसा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात जुगाराचा विकार व्यसनांच्या गटात आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेनेही २०१३ मध्ये त्याला दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांसोबत ठेवले. बक्षिसाच्या अपेक्षेने मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवते. बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसला की ओढ आणखी वाढते. आकडा थोडक्यात हुकला, तरी जिंकत आल्यासारखे वाटते आणि हात पुन्हा खिशाकडे जातो.

पण हिशोब वेगळेच सांगतो. मटक्यात शून्य ते नऊ असे दहा आकडे. रुपयाला नऊ रुपये असा भाव धरला, तर दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावणाऱ्याचे शंभर जातात आणि नव्वद परत येतात. उरलेले दहा चालवणाऱ्याचे. एखाद्या दिवशी कोणीही जिंकेल. रोज खेळणारा शेवटी हरणारच. मुंबईत १९६० च्या दशकात मटका फोफावला, त्यात गिरणी कामगारांची किती मजुरी गेली, हे जुन्या पिढीला ठाऊक आहे.

व्यसन कसे ओळखावे?

गेल्या वर्षभरातले आठवून पाहा :

१. तीच मजा येण्यासाठी रक्कम वाढवत जावी लागते.
२. खेळ बंद केला की बेचैनी, चिडचिड होते.
३. अनेकदा सोडले, पण टिकले नाही.
४. डोक्यात सतत तोच विषय असतो.
५. काळजी किंवा दुःख वाटले की पाय तिकडे वळतात.
६. हरलेले काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळणे होते.
७. घरच्यांशी खोटे बोलावे लागते.
८. नोकरी, शिक्षण किंवा नाते धोक्यात आले आहे.
९. जुगारात गेलेल्या पैशांपायी इतरांकडे हात पसरावा लागतो.

यांपैकी चार किंवा अधिक गोष्टी लागू पडत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. निदान त्यांनीच करायचे असते.

सुटकेची वाट

पहिले काम पैशांची वाट बंद करणे. पगाराचे खाते, एटीएम कार्ड व यूपीआय काही महिने पत्नीच्या, आईच्या किंवा विश्वासू भावाच्या हाती द्यावे. रोजच्या खर्चापुरतीच रोकड जवळ ठेवावी. अॅप काढून टाकावेत, अड्ड्याचा रस्ता बदलावा.

दुसरे, सगळे कर्ज एका कागदावर लिहून घरच्यांसमोर ठेवावे. घरच्यांनी मात्र घाईने ते एकरकमी फेडू नये. ओझे आयते उतरले की खेळ पुन्हा सुरू होण्याची भीती असते. देणे खेळणाऱ्याच्याच कमाईतून, ठरलेल्या हप्त्यांनी फिटावे.

तिसरे, उपचार. समुपदेशनात 'आज नशीब फिरणार' यासारखे चुकीचे विचार तपासायला आणि ओढ आली की काय करायचे हे शिकवतात. ओढ लाटेसारखी येते आणि ओसरते. तेवढा वेळ फिरायला जावे, कोणाशी तरी बोलावे. सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्यावरही उपचार लागतो. एखादे वेळी पाऊल घसरले म्हणून सगळे संपत नाही. त्याच दिवशी घरी सांगावे.

टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येते. कर्जाने खचलेला माणूस मरणाची भाषा बोलू लागला तर ती धमकी समजू नये. त्याला एकटे न सोडता लगेच रुग्णालयात न्यावे.

कायद्याच्या भीतीनेही कोणी गप्प राहू नये. २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्या कायद्यातील शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना व जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही.

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत : जिंकल्यास वैर, हरल्यास शोक, धनाची हानी, सभेत शब्दाला किंमत न उरणे, मित्रांकडून अवहेलना आणि लग्नसंबंधासाठी नाकारले जाणे. यांतले निम्मेअधिक तोटे माणसामाणसांतल्या नात्याचे आहेत. म्हणून उपचार पैशांपाशी थांबत नाही. जो सोडू पाहतो आहे त्याला वस्तीने 'जुगारी' म्हणून हिणवू नये. त्याने दर महिन्याला फेडलेला हप्ता पाहावा आणि विहारातल्या सभेत त्याचा शब्द पुन्हा ऐकून घ्यावा.